जावाचा डेटटाइमफॉरमॅटर: यंत्र पक्कं, अक्षरं मात्र जपून

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची आठवी आवृत्ती (जावा ८) मार्च २०१४ मध्ये आली आणि तिच्यासोबत जावा डॉट टाइम हे तारीख-वेळेचं पॅकेज आलं. इथे परीक्षण आहे ते त्यातल्या एकाच क्लासचं. डेटटाइमफॉरमॅटर, म्हणजे तारीख-वेळ मजकुरात छापणारा आणि छापलेला मजकूर परत तारखेत वाचणारा. निकाल आधीच सांगून टाकतो: रचनेला पाचपैकी पाच, पॅटर्नच्या अक्षरांना दोन, मराठीच्या सोयीला साडेतीन. पॅटर्न म्हणजे तारीख कशी दिसावी हे अक्षरांनी सांगणारा साचा; त्यातली अक्षरं इथे नावाने लिहिली आहेत. स्मॉल वाय आणि कॅपिटल वाय हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि या क्लासचे बरेचसे बग त्यांच्यासारख्या जोड्यांतूनच निघतात.

आधीचा गडी होता सिंपलडेटफॉरमॅट, जावा १.१ पासूनचा. त्याच्या पोटात एक कॅलेंडर ऑब्जेक्ट असतो आणि प्रत्येक छपाईला किंवा वाचनाला तो त्याच ऑब्जेक्टमध्ये खाडाखोड करतो. आळसाने कुणी तो स्टॅटिक करून, म्हणजे एकच सामायिक ठेवून, सगळ्या थ्रेड्सना (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) वाटून दिला, की गर्दीच्या वेळी एका विनंतीची तारीख दुसरीत मिसळते. कधी नंबरफॉरमॅट एक्सेप्शन येतं, म्हणजे चूक सांगून काम थांबतं, तेवढं तरी बरं. जास्त वाईट म्हणजे दिसायला अगदी शहाणी पण साफ चुकीची तारीख डेटाबेसात जाऊन बसते. एकट्या टेस्टरने कितीही क्लिक केलं तरी हा बग दिसत नाही, कारण त्याला एकाच क्षणी दोन थ्रेड लागतात.

नवा फॉरमॅटर एकदा बनवला की बदलत नाही. एक स्टॅटिक फायनल करून ठेवा आणि हजार थ्रेड्सना वापरू द्या, काही बिघडत नाही. याच गुणातून नवशिक्यांची एक ठरावीक चूक मात्र निघते. विथझोन, विथलोकेल, विथरिझॉल्व्हरस्टाइल या मेथड्स मूळ फॉरमॅटरला हात लावत नाहीत, नवा बनवून परत देतात. नुसती मेथड हाकून परत आलेली वस्तू कुठे ठेवलीच नाही, तर कोड कंपाइल होतो, चालतो आणि काहीही बदलत नाही.

दुसरा मोठा फायदा टाइप्सचा. लोकलडेटकडे फक्त तारीख, लोकलटाइमकडे फक्त वेळ, झोन्डडेटटाइमकडे दोन्ही आणि झोन, तर इन्स्टंट म्हणजे कालरेषेवरचा नुसता एक बिंदू. आता समजा, महिन्यासाठी कॅपिटल एम लिहायच्या जागी स्मॉल एम लिहिला गेला. स्मॉल एम म्हणजे मिनिट. जुना फॉरमॅटर सकाळी १०:४७ ला बिनदिक्कत १५/४७/२०२४ छापत असे. नव्याला लोकलडेट दिली तर तो तिथेच थांबतो आणि सांगतो, की मिनिटऑफअवर हे फील्ड यात नाही. इन्स्टंटवर वर्ष-महिना मागितला तरी तो असाच अडतो. त्याबद्दल पुष्कळ लोक कुरकुर करतात, पण त्याचं बरोबर आहे: झोन ठरल्याशिवाय त्या बिंदूची तारीख कोणती हे सांगताच येत नाही. फॉरमॅटरला विथझोन लावा, प्रश्न मिटतो.

आता अक्षरं. इथे मात्र गुण कापावेच लागतात.

कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यावर आधारलेलं वर्ष. रोजच्या वापरातलं वर्ष नव्हे. लोकेल म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग; भारतीय आणि अमेरिकी लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येतो तो नव्या वर्षाचा पहिला आठवडा धरतात. २९ डिसेंबर २०२४ ला रविवार होता, म्हणून चार कॅपिटल वाय असलेला पॅटर्न त्या दिवशी २९/१२/२०२५ छापतो. वर्षातले बाकीचे साडेतीनशेहून जास्त दिवस उत्तर बरोबर येतं, त्यामुळे कोड रिव्ह्यूमध्ये कुणाचं लक्ष जात नाही. भारतीय लोकेलवर हा दोष २०२२ मध्ये एकही दिवस दिसला नसता, २०२३ मध्ये एकच दिवस, २०२४ मध्ये तीन, २०२५ मध्ये चार. जर्मन लोकेलमध्ये आठवडा सोमवारचा आणि नियमही वेगळा, म्हणून तिथे २०२४ चे दोनच दिवस चुकतात. म्हणजे एकाच कोडमधला एकच बग दोन देशांत वेगवेगळ्या दिवशी उगवतो. ही चूक होते ती बहुतेक सवयीने. पायथॉनमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचा कॅपिटल वाय म्हणजे साधं चार आकडी वर्ष, जावास्क्रिप्टच्या मोमेंट लायब्ररीतही चार कॅपिटल वाय म्हणजे साधंच वर्ष. तिकडून आलेला माणूस तेच इथे टाइप करतो. पायथॉनमध्ये तर महिना स्मॉल एम आणि मिनिट कॅपिटल एम, जावाच्या बरोबर उलट.

कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. जानेवारीत लिहिलेला आणि जानेवारीतच तपासलेला कोड पास होतो, आणि १ फेब्रुवारीला तारखेच्या जागी ३२ येतं. स्मॉल एच म्हणजे बारा तासांचं घड्याळ. त्याच्यासोबत स्मॉल ए, म्हणजे एएम-पीएम, नसेल तर छापताना दुपारचे १४:३० गुपचूप ०२:३० होतात. वाचताना मात्र तो एक्सेप्शन फेकतो, कारण सकाळचे की दुपारचे हे त्याला ठरवता येत नाही. चोवीस तासांसाठी कॅपिटल एच.

कॅपिटल एस म्हणजे सेकंदाचा अपूर्णांक, आणि इथे जुन्या-नव्यात मोठाच फरक आहे. सिंपलडेटफॉरमॅटमध्ये हेच अक्षर मिलिसेकंद असतं. डेटाबेसातून आलेला १२:००:००.१२३४५६ हा मजकूर त्याने सहा एसच्या पॅटर्नने वाचला, तर तो १,२३,४५६ मिलिसेकंद समजतो आणि वेळ दोन मिनिटं साडेतीन सेकंदांनी पुढे जाते. नवा फॉरमॅटर तो अपूर्णांक म्हणूनच बरोबर वाचतो. मात्र जावा ८ मध्ये एक खोड आहे: सेकंद आणि मिलिसेकंद मध्ये टिंब न देता सलग चिकटवलेले असतील, म्हणजे तारीख-वेळेची सतरा आकड्यांची सलग रांग असेल, तर ती त्याला वाचता येत नाही. जावा ९ मध्ये ते दुरुस्त झालं. अजून ८ वर अडकलेल्यांनी बिल्डरमधून (फॉरमॅटर तुकड्यातुकड्याने बांधणाऱ्या क्लासमधून) मिलिसेकंदांचं फील्ड तीन आकड्यांच्या ठरावीक रुंदीने जोडावं.

छापण्याइतकंच काम वाचण्याचंही असतं, आणि तिथला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुष्कळांना माहीतच नसतो. हा फॉरमॅटर मूळ स्थितीत ‘स्मार्ट’ असतो. त्याला ३१/०२/२०२५ दिलं तर तो तक्रार करत नाही, २८ फेब्रुवारी २०२५ परत देतो. ३१ एप्रिलचं ३० एप्रिल करतो. ३२ तारीख मात्र नाकारतो. फॉर्मवर माणसाने चुकून टाइप केलेली तारीख अशी आपोआप ‘सुधारून’ घेणं हप्त्याच्या किंवा विम्याच्या कामात परवडणारं नाही. उपाय म्हणजे रिझॉल्व्हरस्टाइल, म्हणजे वाचताना किती काटेकोर राहायचं ही सेटिंग, स्ट्रिक्ट करणं. ती केली की पुढच्याच मिनिटाला दुसरी ठेच लागते: अगदी बरोबर असलेली तारीखसुद्धा वाचली जात नाही, आणि एरर सांगते की यातून लोकलडेट काढता येत नाही. कारण असं, की स्मॉल वाय म्हणजे ‘युगातलं वर्ष’, आणि स्ट्रिक्टमध्ये त्याच्यासोबत इसवी सन की इसवी सनपूर्व हेही सांगावं लागतं. वर्षासाठी चार स्मॉल यू लिहा. यू म्हणजे ऋण-धन चालणारं सरळ वर्ष, त्याला युग लागत नाही. स्ट्रिक्ट आणि यू ही जोडी कायमची लक्षात ठेवण्यासारखी आहे. जावाच्या कागदपत्रांत ती आहे, पण शिकवण्यांतल्या नमुन्यांत सगळीकडे वायच असतो, आणि लोक तोच उचलतात.

दिवस आणि महिन्यासाठी दोन-दोन अक्षरं लिहिली, तर ५/८/२०२४ वाचलं जात नाही, ०५/०८ च लागतं. आपल्याकडे माणसं दोन्ही प्रकारे लिहितात. वाचण्याच्या फॉरमॅटरमध्ये एकेकच अक्षर ठेवा, तो ५ आणि ०५ दोन्ही घेतो. छापण्यासाठी वेगळा फॉरमॅटर, दोन-दोन अक्षरांचा. एकाच फॉरमॅटरकडून दोन्ही कामं करून घेण्याचा हट्ट सोडलेला बरा.

दोन आकडी वर्षाचं गणितही बदललंय. जुना फॉरमॅटर आजच्या मागची ऐंशी आणि पुढची वीस वर्षं धरायचा. नवा नेहमी २००० ते २०९९ च धरतो. म्हणजे जन्मतारीख १५/०८/७५ अशी आली, की माणूस २०७५ साली जन्मतो. कोड जुन्यावरून नव्यावर नेताना एकही एरर न येता हा बदल होतो. बिल्डरमध्ये अपेंडव्हॅल्यूरिड्यूस्ड नावाची मेथड आहे, तिला आधाराचं वर्ष देता येतं. जन्मतारखांसाठी ते आजच्या नव्व्याण्णव वर्षं मागचं द्यावं. बँकांच्या फायलींत १५-एयूजी-२०२४ असा सगळा कॅपिटलमध्ये महिना येतो, तोही थेट वाचला जात नाही. त्यासाठी बिल्डरवर पार्सकेसइन्सेन्सिटिव्ह लावायचं, आणि पॅटर्न जोडण्याच्या आधी लावायचं. नंतर लावलं तर मागच्या भागाला ते लागू होत नाही.

झोनच्या बाबतीत या पॅकेजला पुरे गुण. जुन्या टाइमझोनला न कळणारं नाव दिलं तर तो निमूटपणे जीएमटी धरतो, नवा झोनआयडी एक्सेप्शन देतो. आयएसटी ही तीन अक्षरं विसरून जावीत. ती भारताची आहेत, इस्रायलची आहेत आणि आयर्लंडचीही आहेत. आशिया स्लॅश कोलकाता असं पूर्ण नाव लिहा. छापताना झोनचं नाव हवं असेल तर दोन कॅपिटल व्ही, आणि नुसता फरक हवा असेल तर तीन कॅपिटल एक्स, ज्यातून अधिक ०५:३० असं स्वच्छ येतं.

आणि अवतरणातला झेड. आयएसओ पद्धतीच्या तारखेच्या शेवटी झेड असतो, त्याचा अर्थ ‘ही वेळ यूटीसीची’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. पुष्कळ जण पॅटर्नमध्ये तो झेड एकेरी अवतरणात टाकतात. अवतरणात टाकलं की ते नुसतं छापायचं अक्षर उरतं, अर्थ गेला. पुण्यातल्या सकाळच्या १०:३० वर तो झेड चिकटला, की पलीकडची सिस्टिम ती यूटीसी समजून भारतीय वेळेत दुपारी ४ दाखवते. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला, की दुसरीकडे कुठे शोधू नका, आधी हे अवतरण शोधा. त्याऐवजी आयएसओ इन्स्टंट किंवा आयएसओ ऑफसेट डेटटाइम हे तयार फॉरमॅटर वापरा.

याचाच भाऊ म्हणजे सर्व्हरचा डिफॉल्ट झोन. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हरवर प्रोग्राम ज्यात चालतो तो कंटेनर बहुतेक यूटीसीवर. १५ ऑगस्टच्या पहाटे ४ वाजता आलेली ऑर्डर यूटीसीत १४ ऑगस्टची रात्री १०:३० ची असते. म्हणून रोजच्या अहवालात मध्यरात्र ते साडेपाचच्या ऑर्डरी आदल्या दिवशी पडतात, आणि लॅपटॉपवर सगळं ठीक दिसतं. झोन प्रत्येक ठिकाणी हाताने द्या. जन्मतारीख मात्र इन्स्टंटमध्ये ठेवूच नका, लोकलडेटमध्ये ठेवा. त्याला एक गंमतशीर कारण भारतातलंच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे होती आणि झोनच्या नोंदींत ते आहे: १९४३ मधल्या तारखेला आशिया स्लॅश कोलकाता लावलं, तर फरक ०६:३० येतो. त्या झोनने मध्यरात्र म्हणून साठवलेली जन्मतारीख कुणी ठोक ०५:३० ने छापली, तर आदल्या रात्रीचे ११ येतात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर माणूस एका दिवसाने मोठा होतो. मुंबईकरांनी एक आणखी ध्यानात घ्यावं. शहराची स्वतःची वेळ, जीएमटीच्या चार तास एकावन्न मिनिटं पुढची, १९५५ पर्यंत चालत होती. तिला या नोंदींत वेगळा झोन नाही. त्या काळातल्या मुंबईच्या वेळा रूपांतरित करायच्या तर फरक हाताने द्यावा लागतो.

मराठीत छापायचं म्हणजे लोकेल एमआर-आयएन द्यायचा. ऑफपॅटर्नला लोकेल दिला नाही तर तो मशीनचा डिफॉल्ट उचलतो, तेव्हा इंग्रजी असो की मराठी, दुसरा आर्ग्युमेंट कधीही गाळू नका. दिवस, चार कॅपिटल एमचा महिना आणि वर्ष असा पॅटर्न दिला की ‘ऑगस्ट’ व्यवस्थित येतो, पण आकडे इंग्रजीच राहतात. हे बघून बरेच जण मराठीची सोय अर्धवट आहे असं ठरवून टाकतात. सोय आहे, ती वेगळ्या खणात ठेवलेली आहे इतकंच. फॉरमॅटर मूळ स्थितीत आकड्यांची एक ठोक शैली वापरतो आणि लोकेलकडे बघत नाही. विथडेसिमलस्टाइलला त्याच मराठी लोकेलची डेसिमलस्टाइल द्या, १५ ऑगस्ट २०२४ देवनागरी आकड्यांत येतं. ही माहिती येते युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यातून. त्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी धरले आहेत आणि हिंदीचे मात्र इंग्रजी. त्यामुळे एकच कोड हिंदी आणि मराठीला लावला तर आकडे वेगवेगळे येतात, आणि टेस्टर बग नोंदवतो. तो बग नव्हे. हिंदीलाही देवनागरी हवे असतील तर लोकेलच्या टॅगमध्ये आकड्यांची लिपी स्पष्ट लिहावी आणि जावा १० पासून आलेली लोकलाइज्डबाय ही मेथड वापरावी.

अडचण वाचताना येते. डेसिमलस्टाइल देवनागरी केली की तो फॉरमॅटर इंग्रजी आकडे वाचत नाही, आणि उलटही तसंच. फोनच्या मराठी कीबोर्डवरून माणसं एकाच फॉर्ममध्ये दोन्ही टाइप करतात. वाचण्याआधी देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यावेत आणि साध्या फॉरमॅटरने वाचावं. मराठी महिन्याचं नाव मात्र मजकुरातून वाचायच्या फंदात पडूच नका. ‘ऑगस्ट’मधला ऑ एका कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एका चिन्ह-क्रमांकाचा) असू शकतो, किंवा आ आणि त्यावर वेगळा अर्धचंद्र असा दोन कोडपॉइंटचाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, आणि फॉरमॅटर दुसऱ्याला ओळखत नाही. महिना ड्रॉपडाउनमधून घ्यावा.

जावा १६ पासून कॅपिटल बी हे अक्षर आहे. ते एएम-पीएमऐवजी सकाळ, दुपार, रात्र असे शब्द देतं. मराठी पडद्यावर ‘दुपार’ हे पीएमपेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. निमंत्रणं, आठवणीचे संदेश यांत जरूर वापरावं.

मराठीच्या सोयीला साडेतीनच गुण का, तर सीएलडीआर साठ्याचं अपग्रेड. शॉर्ट, मीडियम, लाँग अशा तयार शैली वापरल्या की छापलेला मजकूर जावाच्या आवृत्तीवर अवलंबून राहतो. जावा ९ ने सीएलडीआर मूळ साठा केला आणि अमेरिकी इंग्रजीत तारीख व वेळेच्या मध्ये एक स्वल्पविराम आला. जावा १६ मध्ये ब्रिटिश इंग्रजीतला सप्टेंबर तीन अक्षरांऐवजी चार अक्षरांचा झाला, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत कुणाला कळलं नाही. जावा २० मध्ये अमेरिकी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथे यू अधिक २०२एफ ही अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मजकूर जुळवणाऱ्या चाचण्या धडाधड पडतात आणि जुन्या सिस्टिमला तो मजकूर वाचता येत नाही. जावा ८ वरून थेट २१ वर उडी मारणाऱ्यांना हे तिन्ही धक्के एकदम बसतात. कॉम्पॅट नावाचा एक स्विच जुना साठा परत आणायचा, जावा २३ ने तोही काढून टाकला. तयार शैली फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी ठेवाव्यात. ज्या मजकुराला पुढे कुठलंही यंत्र वाचणार आहे, त्याला स्वतःचा ठरावीक पॅटर्न आणि लोकेल रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचा किंवा देशाचा नसलेला लोकेल, द्यावा.

लॉगमध्ये आणखी एक बारकावा. लोकलडेटटाइमचं टूस्ट्रिंग, म्हणजे फॉरमॅटरशिवाय मजकूर देणारी मेथड, शून्य सेकंद गाळतं, १०:३० वरच थांबतं. तोच क्षण आयएसओच्या तयार फॉरमॅटरने १०:३०:०० छापला जातो. अपूर्णांकाची लांबीही बदलती असते, आणि जावा ९ पासून घड्याळ मिलिसेकंदाहून बारीक झाल्यामुळे ती वाढली. ठरावीक रुंदी मोजणारा प्रोग्राम पुढे असेल, तर बिल्डरमधल्या अपेंडइन्स्टंटला तीन आकडे सांगून ठेवावेत.

आपल्या आर्थिक वर्षाला मात्र यात जागा नाही. कॅपिटल क्यू तिमाही देतो ती जानेवारीपासूनची. एप्रिल ते मार्च हवं असेल तर तारखेतून तीन महिने वजा करा आणि मग वर्ष व तिमाही छापा: १५ मे २०२४ वरून १५ फेब्रुवारी येते, म्हणजे २०२४ ची पहिली तिमाही. १० फेब्रुवारी २०२५ वरून १० नोव्हेंबर २०२४ येते, म्हणजे चौथी. महिनाअखेरीलाही हे चुकत नाही, कारण ३१ मे वरून फेब्रुवारीचा शेवटचा दिवस येतो आणि तिमाही तीच राहते. सरकारी पत्रांवरची शक तारीखही इथे मिळत नाही. थायी, जपानी, तैवानी आणि हिजरी कालगणना पॅकेजात आहेत, पण २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका नाही. तिच्यासाठी आयसीयूफोरजे या लायब्ररीतला इंडियनकॅलेंडर आणावा लागतो, आणि तो जुन्या कॅलेंडर वळणाचा असल्यामुळे प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र ऑब्जेक्ट द्यावा लागतो.